मागच्या सीटची रुंदी

आम्ही गाडी घेतली नसती, तर आमच्या इमारतीच्या सेक्रेटरीसाहेबांना सोळा फूट बाय आठ फूट जागा मिळत राहिली असती. एकशे अठ्ठावीस चौरस फूट. वर छप्पर, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला खांब, आणि त्या खांबावर माझ्या फ्लॅटचा नंबर.

जागा कागदोपत्री माझी. आठ वर्षांपूर्वी आम्ही इथे राहायला आलो, त्याच संध्याकाळी सेक्रेटरीसाहेब चहाला आले आणि उठता उठता म्हणाले, "तुमच्याकडे गाडी नाहीच, तर आमची दुसरी गाडी तुमच्या जागेत लावतो. तुमची आली की त्याच दिवशी काढू." मी "अगदी अवश्य" म्हणालो. तेव्हापासून तिथे राखाडी कव्हराखाली काहीतरी उभं होतं. ते गाडीच असावं, असं आम्ही आकारावरून धरून चाललो होतो.

हे गणित मी आज मांडतोय. तेव्हा मला ते सुचलं नाही. मी सरकारी भांडारांचा तपासनीस आहे, आणि दुसऱ्याच्या गोदामात एक स्टूल कमी भरलं तरी दारातून आत पाऊल टाकताच मला ते कळतं, हे इथे नम्रपणे नमूद करतो.

गाडीची गरज बायकोला होती. ती एका मोठ्या इस्पितळात रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणजे करत होती आणि पुन्हा करणार होती. आमची थोरली चार वर्षांची. तिच्या पाठीवर एकाच्या जागी दोघं आली, तेव्हा बायकोची रजा वाढली, मग आणखी वाढली, आणि शेवटी इस्पितळाचं पत्र आलं: येत्या एक तारखेस हजर न झाल्यास आपली जागा भरण्यात येईल. पत्र दोन ओळींचं. तिने ते चार वेळा वाचलं. मग कपाटातून पांढरा कोट काढला, इस्त्री केली आणि दाराच्या खुंटीला अडकवला.

"एक तारखेला हा इथे नसेल," ती म्हणाली. बघत कोटाकडे होती, पण बोलत होती माझ्याशी.

इस्पितळात कर्मचाऱ्यांसाठी पाळणाघर होतं आणि तिन्ही मुलांना तिथे जागा मिळाली होती. अडचण पोचण्याची होती. दोन बस बदलायच्या. मुलं तीन, हात दोन. बरं, बसने कसंबसं जावं म्हटलं तरी आमच्या गावातल्या बसवाल्याने जुळ्यांची बाबागाडी पाहिली की तो थांबा सोडून पुढे जातो. कुणाच्या गाडीतून पाठवावं, तर पाळणाघरच्या बाई. त्या सकाळी फाटकाशी उभ्या राहून प्रत्येक गाडीत डोकावत. प्रत्येक मूल आपापल्या सीटमध्ये, पट्टा लावलेलं हवं. नाहीतर फाटकातूनच परत. एका हृदयरोगतज्ज्ञाला त्यांनी ऑपरेशनच्या दिवशी परत धाडलं होतं म्हणे.

तेव्हा हवी होती ती लहान मुलांच्या तीन सीट शेजारी शेजारी मावतील अशी जुनी गाडी. नव्या गाडीचा विचार आम्ही अडीच मिनिटं केला होता. हातात सहा आठवडे. मला वाटलं, हे तर मापाचं काम, आणि माप हा माझा विषय. मी नवी वही सुरू केली. जुळ्यांसाठी मागे तोंड करून बसायच्या सीट प्रत्येकी चव्वेचाळीस सेंटिमीटरच्या, थोरलीची शेहेचाळीस. एकूण एकशे चौतीस. खाली दोन रेघा मारल्या.

गाडी चालवणार बायको. मलाही येते, फक्त परीक्षकासमोर येत नाही. हे तीन वेळा सिद्ध झालेलं आहे आणि आमच्या घरात हा विषय कुणी काढत नाही.

बातमी इमारतीत पसरायला एक जिना पुरला. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी पांढरा रंग घेऊ नका म्हणून सांगितलं. पांढऱ्यावर किडलेलं लगेच दिसतं. सर्वांत वरच्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, "मुलांना सीट कशाला? आम्ही एका गाडीत नऊ जण जायचो."

"सगळे पोचायचे?"

आजोबांनी विचार केला. "बहुतेक," ते म्हणाले.

सेक्रेटरीसाहेबांनी मात्र सल्ला दिला नाही. त्यांनी स्वतःला दिलं. "अहो तपासनीस, जुनी गाडी म्हणजे दुसऱ्याचं दुखणं विकत घेणं. एकटे जाऊ नका. मी आहे ना!" शनिवारी सकाळी ते दारात हजर. एका खिशात टॉर्च, दुसऱ्यात लोहचुंबक. ते चुंबक गाडीच्या अंगावर फिरवायचं, आणि जिथे चिकटणार नाही तिथे पत्र्याऐवजी लांबीचा लगदा भरून वर रंग दिला आहे असं समजायचं. मला भरून आलं. माझ्या सख्ख्या भावाने माझ्यासाठी कधी चुंबक आणलेलं नाही.

पहिली गाडी जुन्या गाड्यांच्या दलालाकडे पाहिली. छोटी, लाल, गोंडस. मागची सीट एकशे अठ्ठावीस. सहा सेंटिमीटर कमी.

"सहाच ना?" दलाल म्हणाला. "साहेब, मुलं म्हणजे काय लाकडाची असतात का? दबतात थोडी."

"मुलं दबतील. सीट दबणार नाही."

"मग एक मूल पुढे घ्या."

सेक्रेटरीसाहेबांनी चुंबक फिरवलं आणि मागच्या दाराशी थबकले. चुंबक घसरून खाली पडलं. ते माझ्याकडे नुसतं बघत राहिले, निकाल हाती आलेल्या डॉक्टरांसारखे. पहिला शनिवार संपला.

दुसरी गाडी वहीप्रमाणे निर्दोष होती. मागची सीट एकशे अडतीस, म्हणजे चार सेंटिमीटर शिल्लक. यावेळी मी प्रत्यक्ष सीट नेऊनच खात्री करायची ठरवली. तीन सीट टॅक्सीत घालायला गेलो, तर त्या टॅक्सीत मावेनात. दोन टॅक्सी कराव्या लागल्या. दुसऱ्या टॅक्सीवाल्याने आरशातून रिकाम्या सीटकडे दोनदा पाहिलं आणि शेवटी हळू आवाजात विचारलं, "मुलं कुठायत, साहेब?" मी घरी आहेत म्हणालो. त्याने मान हलवली, पण वाटेत एकदाही हॉर्न वाजवला नाही.

सीट बसल्या. तिन्ही. मी वहीत बरोबरची खूण केली. मग फक्त पट्टा लावून पाहायचं राहिलं. पट्ट्याचं कुलूप दोन सीटच्या मधल्या फटीत खाली असतं. मी हात घातला. पट्टा खट्कन लागला. हात मात्र बाहेर येईना.

हात बाहेर यायचा तर सीट काढायला हवी, सीट काढायची तर पट्टा सोडायला हवा, आणि पट्ट्याचं बटण माझ्याच अडकलेल्या मनगटाखाली. दलाल साबणाचं पाणी आणायला गेला. सेक्रेटरीसाहेब टॉर्च मारून मला माझाच हात दाखवत होते. अर्धं अंग गाडीत, अर्धं बाहेर, अशा अवस्थेत मी पस्तीस मिनिटं होतो. तेवढ्यात एक जोडपं आलं. त्यांनी गाडीला दोन फेऱ्या मारल्या. बाईंनी माझ्याकडे बोट दाखवून दलालाला विचारलं, "हे गाडीबरोबरच येतात का?"

"नाही नाही," दलाल म्हणाला, "ते काढून देऊ."

हात निघाला. गाडी त्या जोडप्याने घेतली. परतताना सेक्रेटरीसाहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "गेली तेच बरं झालं. रोज तीन पट्टे, जाऊन येऊन सहा. वहिनींच्या हाताची काय गत झाली असती!" हे मी घरी जसंच्या तसं सांगितलं. बायकोने माझ्या सुजलेल्या मनगटावर बर्फ ठेवला आणि म्हणाली, "माझा हात तुमच्या हाताच्या निम्मा आहे."

तिसऱ्या शनिवारी एक उंच व्हॅन पाहिली. पूर्वी तिच्यातून एका लाँड्रीचे कपडे जात. आत तीन सीट ठेवून वर तबकडी फेकायचा खेळ खेळता आला असता. "उत्तम," सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "पण आपल्या इमारतीच्या कमानीची उंची सहा फूट दोन इंच. हिची?" हिची सहा फूट पाच. कमानीची उंची त्यांना तोंडपाठ होती, याचं मला कौतुक वाटलं. चौथ्या शनिवारी गाडी हवी तशी होती, पण तिच्या इंजिनाचा आवाज सेक्रेटरीसाहेबांना "मनातून उदास" वाटला. पाचव्या शनिवारी दलालच म्हणाला, "साहेब, तुम्ही एकटे का नाही येत?"

हे वाक्य मी घरी विनोद म्हणून सांगितलं. बायको हसली नाही. तिच्या कडेवर एक मूल, दुसरं पायाशी, थोरली टेबलाखाली बसून माझ्या वहीत चित्रं काढत होती. दाराच्या खुंटीवरच्या कोटाच्या खांद्यावर धुळीची बारीक रेघ आली होती. ती तिने बोटाने पुसली.

"आज तारीख काय?"

"तेवीस."

"उद्या मी येते. मुलांना घेऊन. आणि त्यांना सांगू नका."

एका निवृत्त पशुवैद्याची गाडी होती. जुनी, बसकी, चांगली ऐसपैस. मागे एक सलग बाक नव्हता, तीन सुट्या खुर्च्या होत्या, आणि प्रत्येकीचं पट्ट्याचं कुलूप बाहेर वर आलेलं. बायकोने सीट लावल्या. मुलं बसवली. मग डोळे मिटले आणि तिन्ही पट्टे चाचपून लावले, खट्, खट्, खट्. डोळे उघडून म्हणाली, "ही."

"पण आवाज ऐकायला हवा, चुंबक..."

"अहो," ती म्हणाली, "ही."

गाडीत शेळ्यांचा वास होता. डॉक्टर म्हणाले, वास जाणार नाही, पण तो प्रामाणिक आहे. थोरलीने तिथल्या तिथे गाडीला 'शेळीताई' नाव दिलं. मी कर्तव्य म्हणून सगळं वहीत टिपून घेतलं: मागे तोंड करून बसणाऱ्या सीटना लांबी जास्त लागते, सबब पुढच्या दोन्ही सीट पूर्ण पुढे सरकवल्या. चालकाची उंची पाच फूट, अडचण नाही. मागची रुंदी एकशे एकोणपन्नास. शेरा: समाधानकारक. व्यवहार तिथेच झाला.

नोंदणीच्या कचेरीत सात नंबरच्या खिडकीतल्या बाईंनी माझे कागद एकेक करून पालथे घातले आणि विचारलं, "जागेचा दाखला?"

"कसली जागा?"

"गाडी उभी कुठे करणार? हातावर? इमारतीच्या सेक्रेटरीचा दाखला आणा. सही, शिक्का."

मला हायसं वाटलं. सेक्रेटरी म्हणजे घरचाच माणूस.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. मुलांना दातांच्या डॉक्टरांकडे ठेवलं होतं. सत्तावीस तारीख होती. आम्ही त्यांना न विचारता गाडी घेतली, हे ऐकून ते उठून कपाटाशी गेले. मग त्यांनी इमारतीच्या नियमांची फाइल काढली. "दाखला द्यायला काय, हातासरशी देतो. पण नियम असा आहे की जागा प्रत्यक्ष रिकामी हवी. आणि ती तर रिकामी नाही."

"तुमचीच गाडी आहे ना ती?" मी म्हणालो.

"तेच तर! काढायलाच हवी. पण आठ वर्षं उभी असलेली गाडी एकदम हलवून चालत नाही, तपासनीस. टप्प्याटप्प्याने. दोन महिने धरा."

मी नियम पाहू लागलो. नियम खरोखर तसा होता, आणि खाली सही त्यांची होती. चार दिवसांनी एक तारीख.

बायको शांत होती. "बरं, भाऊजी," ती म्हणाली, "मग तसंच लिहून द्या. जागा यांची आहे, परंतु तिथे दुसऱ्याची गाडी उभी असल्यामुळे दाखला देता येत नाही. दुसऱ्याची म्हणजे कुणाची, किती वर्षं, तेही लिहा. सही, शिक्का. तेवढा कागद मी खिडकीवर दाखवते."

सेक्रेटरीसाहेबांनी शिक्का उचलला. खाली ठेवला. पुन्हा उचलून त्याचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं.

"कुणाची म्हणून काय विचारता," स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. "माझी आहे."

सेक्रेटरीसाहेबांच्या पत्नी चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. आठ वर्षांत मी त्यांच्या तोंडून 'साखर किती?' याव्यतिरिक्त एक वाक्य ऐकलं नव्हतं. "लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा यांनीच घेऊन दिली. लायसन मी आधीच काढलं होतं. पहिल्याच दिवशी फाटकाच्या खांबाला घासली. संध्याकाळी कव्हर चढलं. गाडीला जरा विश्रांती देऊ, म्हणाले."

"अगं, मी तुझ्याच काळजीपोटी..."

"आठ वर्षं विश्रांती चाललीय, वहिनी," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या. "लायसन मात्र मी दर वेळी नवं करून घेतलंय. बाजारात जाते म्हणून."

मग त्यांनी ट्रे ठेवला, शिवणाचा डबा उघडला आणि रिळांच्या खालून किल्ली काढली. प्रश्न एकशे अठ्ठावीस चौरस फुटांचा नव्हताच, हे मला तेव्हा कळलं. जागा आम्हाला परत केली, तर ती गाडी एकतर विकावी लागणार होती, नाहीतर चालवू द्यावी लागणार होती. सेक्रेटरीसाहेबांनी पाच शनिवार उन्हातान्हात चुंबक फिरवलं ते हे दोन्ही टाळण्यासाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी कव्हर निघालं. खालून निळी गाडी निघाली, चारही चाकं बसलेली. मेकॅनिकने हवा भरली, बॅटरी घातली. तरी ती सुरू होईना, म्हणून इमारतीतले सगळे ढकलायला आले. वरचे आजोबाही आले आणि बसून सूचना देऊ लागले. सेक्रेटरीसाहेब मागे माझ्या शेजारी ढकलत होते. गाडीच्या दाराकडे लक्ष गेलं तसे ते थांबले. पत्र्यावर वीतभर ओरखडा होता, नखाने काढल्यासारखा.

ते बराच वेळ तो बघत होते. "एवढाच होता?" त्यांनी विचारलं.

"एवढाच," स्टीअरिंगवरून पत्नी म्हणाल्या. "ढकला."

अंगणात गाडी सुरू झाली. दाखला त्यांनी तिथेच, बॉनेटवर कागद ठेवून लिहिला. शिक्का जरा तिरका उमटला, पण सात नंबरच्या खिडकीला तिरक्याचं वावडं नव्हतं.

एक तारखेला सकाळी पावणेआठला बायकोने कोट घातला. तिन्ही मुलं बसली, तिन्ही पट्टे लागले. जाता जाता ती मला ऑफिसशी सोडणार होती. मी पुढचं दार उघडलं, एक पाय आत घातला, दुसरा घातला, आणि माझे गुडघे माझ्या कानांशी आले. माझी उंची सहा फूट. सीट मागे सरकवावी, तर मागे धाकटा. मी डोकं वाकवलं, मान वळवली, श्वास सोडला, दार लागेना. थोरली म्हणाली, "बाबा, तुम्ही डिकीत बसा. तिथे शेळ्या बसायच्या."

मी वही काढून पाहिली. तीन सीट, चालक, कमानीची उंची, दलालाच्या गाड्या, सगळ्यांची मापं होती. माझं नव्हतं. स्वतःला मी यादीत धरलंच नव्हतं.

"अहो, उतरा," बायको हळूच म्हणाली. "आज नको उशीर."

मी उतरलो. गाडी कमानीखालून सरळ गेली. संध्याकाळी तिने सांगितलं, पाळणाघरच्या बाईंनी आत डोकावून दोनदा नाक हुंगलं, तिन्ही पट्टे ओढून पाहिले आणि "पुढे चला" म्हणाल्या. प्रयोगशाळेत तिचं टेबल जिथल्या तिथे होतं. हे सांगताना ती मधेच थांबली आणि पाणी प्यायली.

मी मात्र त्या सकाळी अंगणात उभाच होतो. मागून हॉर्न वाजला. निळी गाडी. "चला, मी सोडते," सेक्रेटरीसाहेबांच्या पत्नी म्हणाल्या. "मला सराव हवाय, शेजारी कुणीतरी बसायला हवं. हे बसत नाहीत." ज्या बाईने आमचा दाखला मिळवून दिला, तिला नाही कसं म्हणायचं?

आता याला तीन महिने झाले. तेव्हा शेवटची बेरीज. बायकोला तिची नोकरी मिळाली. मुलांना आपापल्या खुर्च्या. पशुवैद्यांना मोकळं अंगण. सेक्रेटरीसाहेबांच्या पत्नीला आठ वर्षं उशिरा का होईना, गाडी. सेक्रेटरीसाहेब ती आता बाहेरच्या भिंतीलगत उन्हात लावतात आणि संध्याकाळी टॉर्च घेऊन तिच्याभोवती एक फेरी मारतात. ओरखडे अकरा झालेत, पण ते अजून काही बोललेले नाहीत, आणि न बोलण्याने त्यांचं वजन उतरलंय. आणि मी. बसचे चार थांबे, पण त्या बाई उजवीकडे कधीच वळत नाहीत, त्यामुळे वळसा घालून रोज चाळीस मिनिटं. दर सिग्नलला मी उजवा पाय सगळ्या ताकदीने खाली दाबतो. ब्रेक त्यांच्या बाजूला आहे, पोटरी माझी सुजते.